आधी पत्रा, मग पलंग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हॅनचं फिरतं घर करणाऱ्या जोडप्यावरचा लेख वाचला. आमच्या दुकानात तो पेपर हातोहात फिरला आणि शुक्रवारपर्यंत तीन जण ‘आम्हालाही असंच करून द्या’ म्हणून येऊन गेले. फोटोंत पडदे आहेत, उशा आहेत, छताला दिव्यांच्या माळा आहेत. आणि एका फोटोत, गाडी हायवेवर धावत असताना, मागच्या पलंगावर मांडी घालून पत्ते खेळणारी दोन मुलं आहेत. तो फोटो पाहिल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत एकतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. मॅटाडोरच्या सेल्फ-डायनॅमोवर माझा हात बसला. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः २०११ची एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आईसाठी तिची राहती गाडी केली. आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. पंढरपूर, गाणगापूर, रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे, अशी तिची जायची हौस अजून तशीच आहे. पण प्रवासाचं नाव काढलं की आदल्या रात्रीपासून ती पाणी पिणं बंद करायची. वाटेत कुठं उतरायचं, कुठं बसायचं, बसल्यावर उठवणार कोण, हा घोर. एकदा नुसत्या त्या उपाशी-तहानलेल्या प्रवासाने तिला सलाईन लावावं लागलं. त्या दिवशी मी ठरवलं की हिच्या उंचीचा संडास हिच्याबरोबर चालला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर सुचलं.

ट्रॅव्हलरच का, असं लोक विचारतात. ही गाडी १९८७ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं, २००५ ला फोर्स मोटर्स झालं. जतला बंद पडा की मंगळवेढ्याला, सुटा भाग मिळतो आणि तो बसवणारा हातही मिळतो. आत माणूस ताठ उभा राहू शकतो, हे म्हाताऱ्या माणसासाठी फार मोठं आहे. छोट्या व्हॅनमध्ये वाकून कपडे बदलणं तरुणांना जमतं, आईला जमलं नसतं.

गाडी आणली तेव्हा वरून चकाचक होती. एका कारखान्याची कामगार ने-आण करणारी गाडी, नुकता रंग मारलेली. मी सीट काढल्या, रबरी मॅट उचलली, त्याखालचा प्लाय उचलला. प्लाय हातात आला तो ओल्या बिस्किटासारखा. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीपाशी रुपयाएवढा फुगवटा होता, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आरपार गेलं. कुरतडत गेलो तसं भोक तळहाताएवढं झालं. विकणाऱ्याने त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिला होता. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायला कंपनीने बारीक भोकं ठेवलेली असतात, ती सगळी मातीने बुजलेली. पाणी आत साठून पत्रा आतून खात होतं.

पहिले पाच आठवडे फक्त पत्र्याचंच काम चाललं. ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासणं, सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणं, प्रायमर, जोडावर सीलंट, मग रंग. (वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात आणि गाडी माझ्यासारख्याच्या दारात येते.) या पाच आठवड्यांत दाखवण्यासारखं काही होत नाही. शेजारी विचारतात, ‘अजून सुरू नाही केलं?’ आणि इथंच घाई होते. गंजावर थेट लाकडी पाटण ठोकलेल्या दोन गाड्या माझ्याकडे वायरिंगला आल्या. दोन्ही मी परत पाठवल्या.

उष्णतेसाठी छताला आतून काय लावायचं याबद्दल थोडक्यात सांगतो. थर्माकोल नको, पेटला की वितळून गळतो. काचलोकर पाणी धरून ठेवते आणि पुन्हा पत्रा खाते. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबराचा फोम शीटमध्ये, मागे गोंद लावलेला मिळतो. मी तोच लावला आणि छताला वरून पांढरा रंग दिला.

आता वजन. याकडे कुणीच बघत नाही. आठ बाय चार फुटांचा, अठरा मिलिमीटरचा प्लायचा एक तक्ता पस्तीस किलोच्या आसपास भरतो. आमच्या सुताराने घरातल्या फर्निचरच्या हिशेबाने असे नऊ तक्ते सांगितले होते. मी बारा मिलिमीटरचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घेतला, त्याच्या मानकाचा आयएस ७१० शिक्का बघून, आणि आधाराला अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप. शंभरेक किलो तिथंच वाचलं. पाणी म्हणजे लिटरमागे एक किलो, त्यामुळे चाळीस लिटरचे दोनच कॅन. नळाला शेतात फवारणीच्या बॅटरी पंपात असतो तोच बारा व्होल्टचा छोटा पंप लावलाय. तो आटपाडीतही दुरुस्त होतो.

गाडी पूर्ण भरून, माणसं बसवून, मी वजनकाट्यावर नेली. नुसतं एकूण वजन केलं नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग एका बाजूची. डावी बाजू दीडशे किलोने जड निघाली. पाणी, बॅटरी आणि ओटा तिन्ही मी डावीकडे घेतले होते. बॅटरी उजवीकडे हलवली, कपाटातला अर्धा ऐवज हलवला, पुन्हा काट्यावर. काट्याची पावती शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ज्यांनी गाडी केली आहे त्यांनी उद्याच जाऊन करावी आणि आकडा आरसी बुकातल्या वजनाशी ताडून बघावा. आंबा घाट उतरताना ब्रेकला तेच वजन थांबवायचं असतं.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण एकतीस वर्षं वायरींत काढलेल्या माणसाकडून ती झाली. १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, वर सोलरच्या दोन पट्ट्या आणि हजार वॅटचा इन्व्हर्टर बसवला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, पंचवीस स्क्वेअर मिलिमीटरची जाड तांब्याची केबल, सगळं नियमाने. फक्त एका केबलच्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टला अडकवायची धातूची कडी, दाबायला हायड्रॉलिक पक्कड त्या दिवशी जागेवर नव्हती, म्हणून तो हातोडीने ठोकून बसवला. ओढून बघितला, घट्ट होता.

पहिल्याच पंढरपूरच्या वारीला सांगोल्याच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. आईला चहा हवा होता. आठशे वॅटची किटली लावली. दोन मिनिटांत आई म्हणाली, ‘बाळ, रबर जळतंय काहीतरी.’ मला वास आलेला नव्हता. फळी काढली तर लगाजवळचं लाल आवरण काळं होऊन सुटत होतं. फ्यूज शाबूत. तो शाबूतच राहणार, कारण करंट ठरल्यापेक्षा जास्त नव्हताच. किटलीला बारा व्होल्टच्या बाजूने सत्तरेक अँपिअर लागतात. जोडात पाच मिलिओहमचा जरी अडथळा राहिला, तरी सत्तरचा वर्ग करून गुणा, साडेचोवीस वॅट होतात. माझ्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे. म्हणजे फळीमागे, प्लायला चिकटून, आईच्या पायांखाली, मी एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवलं होतं. रात्री सगळे झोपल्यावर ते झालं असतं तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

घरातली २३० व्होल्टची वायर आणि गाडीतली १२ व्होल्टची, यांतला फरक घरगुती वायरमनच्या लक्षात येत नाही. व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी, असं वाटतं. शॉकपुरतं ते खरं आहे. आगीच्या बाबतीत उलटं आहे. तेवढ्याच वॅटला इथं जवळजवळ वीसपट करंट लागतो आणि प्रत्येक सैल जोड तापतो. आता माझ्या गाडीत किटली नाही. लाइट, पंखा, पंप, मोबाइल आणि आईचा नेब्युलायझर, एवढंच चालतं. दर महिन्याला मी लोड देऊन प्रत्येक जोडाला हाताची पाठ लावून बघतो.

गॅसचं. लेखातल्या गाडीत पलंगाखाली सिलिंडर दिसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो आणि बंद गाडीत तळाशी साठून राहतो. झोपलेलं माणूस त्याच्या अगदी वरच. शिवाय दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली की आतला प्राणवायू कमी होतो, विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. आमच्याकडे सिलिंडर आत नाहीच. मुक्कामाला पोहोचलो की मागचं दार उघडतो, घडीची फळी बाहेर पाडतो, स्वयंपाक तिथं, उघड्यावर. पावसात कधी पोहे-दूध खाऊन झोपतो.

कायद्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे छत कापून उंच करणं, चासी वाढवणं विसराच. दुसरीकडे, खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या २००४च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन, म्हणजे भाड्याने न चालणाऱ्या वाहनांत आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानकही आहे. मी करवत लावण्याआधी आरटीओत आराखड्यासह लेखी अर्ज दिला, मंजुरी येईपर्यंत थांबलो, बाहेरच्या पत्र्याला हात लावला नाही आणि काम झाल्यावर तपासणी करून आरसीवर सीटची संख्या बदलून घेतली. विमा कंपनीलाही कळवलं. न कळवता केलेल्या बदलानंतर अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. पण हे सगळं साध्या मराठीत एका कागदावर कुठंच मिळत नाही. परिवहन विभागाने ते छापावं आणि तुम्ही ते पुरवणीत द्यावं, अशी माझी विनंती आहे.

राज्याने २०२१ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत. चांगलं आहे. आमच्यासारख्यांना मात्र रात्री उभं राहायला उजेडातली जागा, पिण्याचं पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायला एक झाकणाचं चेंबर, एवढंच पुरे आहे. ती टाकी ओढ्याकाठी ओतणारे लोक मी पाहिलेत. जागा नसेल तर ओततीलच. आम्ही वीस लिटरची टाकी भरत आली की घरचं किंवा पाहुण्यांचं सेप्टिक टँक गाठतो.

त्या संडासाचं शेवटी सांगतो, कारण गाडी त्यासाठीच केली. बाजारात मिळणारं पोर्टेबल भांडं आईला बुटकं पडत होतं, म्हणून खाली चार इंचांची पेटी केली. धरायच्या दांड्या कुठं लावायच्या ते मी टेपने मोजून ठरवलं नाही. आईच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, बस, ऊठ, आणि हात जाईल तिथं खूण कर. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूण वीतभर खाली आणि पुढे आली. दारातल्या पायऱ्यांच्या दांडीलाही तसंच केलं. आता ती एकटी चढते. गेल्या कार्तिकीला मिरज ते पंढरपूर तिने वाटेत तीन वेळा पाणी मागून घेतलं.

मूळच्या सीटची एक रांग मी ठेवली आहे, मूळच्या जागी, मूळच्या बोल्टवर, सीट-बेल्टच्या पट्ट्यांसह. गाडी चालू असताना पलंग रिकामा असतो, आईसुद्धा सीटवर. ब्रेक लागला की पलंगावरचं माणूस गाडीच्या वेगानेच पुढच्या फळीवर जातं, आणि प्लायच्या पलंगाला स्क्रूने लावलेला पट्टा काही कामाचा नाही. लेखातल्या त्या जोडप्याचा पत्ता तुमच्याकडे असेलच. त्यांना माझा निरोप द्या. काढलेल्या सीट भंगारात घातल्या नसतील तर एक रांग परत बसवून घ्या. गाडी मिरजेला आणली तर काम मी करून देईन, मजुरी घेणार नाही. पण तोवर मुलांना पुढे बसवा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, मिरज