दुकानांवरच्या बंद माड्या भाड्याच्या घरांसाठी खुल्या कराव्यात

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या शहरांत सर्वसामान्यांना परवडतील अशी घरे हवीत, असे कोणी म्हटले की चर्चा लगेच नव्या इमारतींकडे आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या जमिनीकडे वळते. मग डोंगरकापणी आणि शेतजमिनींचे रूपांतर यांवरून वाद पेटतात. पणजी, मडगाव, म्हापसा आणि फोंडा येथील ऐन बाजारपेठांत दुकानांवरच्या माड्या मात्र वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून आहेत. त्या दुरुस्त करून नोकरदार कुटुंबांना माफक भाड्याने मिळाव्यात आणि त्यासाठी सरकारने अर्थसाहाय्य द्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

1981 साली मी पेडण्याहून पणजीत एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून आलो, तेव्हा अशाच एका माडीवर आम्ही तिघांनी मिळून खोली घेतली होती. दुकानाच्या कडेने वर जाणारा लाकडी जिना, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी आणि मागे सामायिक न्हाणीघर, एवढाच तो संसार. पण कामावर चालत जायला पाच मिनिटे लागत आणि पगारातले चार पैसे घरी पाठवता येत. गेल्या महिन्यात तेथे गेलो, तर जिना काढून त्या जागी मालाची कपाटे बसवलेली दिसली. पावसाळ्यापूर्वी कौले परतायची असली, तर माणूस शिडी लावून खिडकीतून आत शिरतो. खाली दुकानात काम करणारी मुलगी सत्तरी तालुक्यातून रोज ये-जा करते. वाळपईची बस चुकेल या धास्तीने संध्याकाळ झाली की तिचे सारे लक्ष घड्याळाकडे लागते. तिच्या डोक्यावरच दोन खोल्या रिकाम्या आहेत, हे पाहून मला फार वाईट वाटले.

2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 1 लाख 25 हजार घरे रिकामी आढळली होती, म्हणजे साधारण पाचांतले एक. त्यांत गावाकडची बंद वडिलोपार्जित घरे आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट पुष्कळ असणार, हे मान्य. तरीही बाजारातल्या माड्यांचा विचार वेगळा करायला हवा, कारण तेथे रस्ता, नळ, वीज आणि बसथांबा आधीच पोहोचलेले आहेत.

या माड्या बंद राहण्याचा दोष मालकांच्या हावरटपणाला देऊन मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते आणि मुलांचा वाटा कायद्यानेच राखलेला असतो. मला हा कायदा न्याय्यच वाटतो. परंतु दोन पिढ्या वाटणी झाली नाही की एका माडीला बारा-पंधरा सहहिस्सेदार होतात. कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी आखातात, आणि सगळ्यांच्या सह्या जमवण्यापेक्षा कुलूप लावणे सोपे वाटते. त्यात 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या खटल्यांच्या आठवणी आहेत. एकदा आत घेतलेले कूळ पुन्हा बाहेर पडणार नाही, ही भीती घराघरांत बसलेली आहे. आणि हे सारे सुटले तरी वाळवीने खाल्लेले वासे, उघड्या तारा, नसलेले शौचालय आणि नाहीसा झालेला जिना यांवरचा खर्च माफक भाड्यातून कधीच भरून निघत नाही. सरकारी पैशाची गरज नेमकी येथे आहे.

केंद्राने 2020 साली परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हा तिचे दोन भाग होते: सरकारी खर्चाने बांधून रिकामी राहिलेली घरे भाड्याने देणे आणि खासगी किंवा सरकारी संस्थांनी आपल्या मोकळ्या जमिनीवर नवी घरे बांधणे. सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी टप्प्यातही भाड्याच्या घरांचा घटक साधारण याच चौकटीत आहे. खासगी मालकीची जुनी माडी या दोन्हींत कोठेच बसत नाही. ही उणीव राज्य सरकारने आपल्या अंदाजपत्रकातून भरून काढावी आणि काम गृहनिर्माण मंडळ व नगरपालिका यांच्याकडे सोपवावे.

मात्र पैसा अटींशिवाय देऊ नये. स्वतंत्र जिना, शौचालय व मलवाहिनीची जोडणी, छप्पर, वीजवाहिन्या आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची दुसरी वाट, एवढ्यांसाठीच अनुदान असावे आणि ते काम तपासून हप्त्यांनी मिळावे. त्या बदल्यात मालकाने किमान 15 वर्षे ठरलेल्या भाड्याने ती जागा द्यावी. करार मालक आणि भाडेकरू यांच्यात न होता पालिकेमार्फत व्हावा, म्हणजे मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची हमी मालकाला राहील. सगळ्यांत महत्त्वाची अट पर्यटनाची आहे. अनुदानातून सजवलेली माडी दुसऱ्याच वर्षी पर्यटकांना रोजच्या दराने दिली जाऊ लागली, तर जनतेच्या पैशाने जनतेलाच शहराबाहेर काढल्यासारखे होईल, म्हणून असा वापर झाल्यास संपूर्ण रक्कम व्याजासह वसूल करण्याची तरतूद करारातच हवी.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. आयर्लंडने 2018 मध्ये दुकानांवरच्या रिकाम्या मजल्यांची घरे करण्यासाठी नियोजन परवान्याची अट शिथिल केली. 2022 मध्ये तेथे सुरू झालेल्या योजनेत आता रिकामे घर राहण्याजोगे करण्यासाठी 50,000 युरोपर्यंत आणि मोडकळीस आलेल्या घरासाठी 70,000 युरोपर्यंत अनुदान मिळते, आणि पाच वर्षांच्या आत घर विकल्यास ते पूर्ण परत करावे लागते. आपल्याला तेवढ्या रकमा पेलणार नाहीत, पण वसुलीची ती अट उचलायला पैसे लागत नाहीत.

सुरुवात एखाद्याच रस्त्यापासून करता येईल. घरपट्टीच्या नोंदी आणि बंद झालेली वीजजोडणी यांवरून कोणती माडी कधीपासून रिकामी आहे, हे पालिकेला काही आठवड्यांत कळू शकते. माझ्या जुन्या खोलीच्या मालकांशी मी फोनवर बोललो. भावंडांच्या सह्या मिळवायला आपण तयार आहोत, पण जिना पुन्हा बांधायला आपल्याकडे पैसे नाहीत, असे त्यांनी सांगितले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस, म्हापसा