स्लॅबला काही होणार नाही

वारजे, पुणे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मी घरातल्या एका खोलीत लोखंडी रॉड आणून वजनं उचलायचा व्यायाम करते, यावरून रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, मागे कुकर वाजत होता, त्यामुळे कुणालाच धड उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र. बाबांना कागदावरचं जास्त पटतं, हेही एक कारण आहेच.

बाबा, आधी तुमचं. स्लॅबला काही होणार नाही. बांधकाम खात्यात जन्म काढलेल्या माणसाला मी आय.एस. 875, म्हणजे इमारतीवरच्या भारांचं मानक, शिकवायला नको. राहत्या खोलीला चौरस मीटरमागे 2 किलोन्यूटन लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचा भार) धरतात, म्हणजे ढोबळ 200 किलो. रॉड ठेवायचा स्टँड 60 किलोचा, बाक 15, रॉड 15, रॉडला लावायच्या सगळ्या प्लेटा मिळून 80. झाले 170, आणि वर मी. (माझा आकडा आईला खाजगीत सांगेन.) हे सगळं 52 चौरस फुटांच्या मॅटवर आहे, म्हणजे जवळपास पाच चौरस मीटर. हिशोब तुम्हीच करा. शिवाय स्टँड खोलीच्या मधोमध नाही, बीमच्या बाजूला भिंतीलगत आहे. आता तुम्ही म्हणाल, उभा भार वेगळा आणि दणका वेगळा. कबूल. म्हणून इथे काहीही आपटायचं नाही असा नियम आहे. रॉड जितक्या सावकाश वर जातो तितक्याच सावकाश खाली येतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी झोपतात, तेव्हा तर खोलीचं दारही उघडत नाही.

मॅट कुठली, विचारा. आपल्या काकांच्या गोठ्यात म्हशींखाली घातलीय ना, तीच, जाड काळी रबराची. व्यायामाच्या दुकानात तसलीच मॅट बरीच महाग पडत होती. मग मी दुग्धव्यवसायाचं सामान विकणाऱ्याकडून दोन आणल्या. पहिले काही दिवस वास आला, आता गेलाय. तुमचे जावई अजून त्या खोलीला गोठाच म्हणतात.

बाकीचं सामान जालंधरहून आलं. व्यायामाचं लोखंड आपल्या देशात बरंचसं जालंधर आणि मेरठलाच बनतं. रॉड मी बायकांचा घेतला, 15 किलोचा. पुरुषांचा 20 किलोचा असतो, जरा जाडही असतो आणि माझ्या मुठीत नीट बसत नाही. दुकानदाराने ‘मॅडम, छोटे डंबेल घ्या ना’ असं म्हणून पाहिलं, गुलाबी रंगाचेही दाखवले. मी ऐकून घेतलं आणि रॉडचे पैसे दिले.

करते काय, तर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, जेमतेम तासभर. व्यायाम चारच. रॉड खांद्यांवर घेऊन बैठक मारायची, तो स्क्वॉट. जमिनीवरचा रॉड हातात धरून सरळ उभं राहायचं, तो डेडलिफ्ट. बाकावर उताणं झोपून छातीवरून वर ढकलायचा, तो बेंच प्रेस. आणि उभ्याने डोक्यावर न्यायचा. एका दिवशी यातले तीनच. पाच वेळा उचलायचं, दोन-तीन मिनिटं बसायचं, पुन्हा पाच, पुन्हा बसायचं. आई, ‘तू तर नुसती बसलेलीच दिसतेस’ असं तू म्हणालीस, ते या बसण्याबद्दल. ते व्यायामातच धरलेलं आहे. दम खाल्ला नाही तर पुढचे पाच नीट होत नाहीत.

सुरुवात रिकाम्या रॉडने. पुढच्या खेपेला दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे अडीच किलो वाढ. डोक्यावर न्यायच्या व्यायामाला तेवढंही झेपत नाही, तिथे अर्ध्या अर्ध्या किलोच्या चकत्या. बाबांनी दर वर्षी दिलेल्या आणि कोऱ्या राहिलेल्या डायऱ्यांपैकी एक अखेर कामी आली. तारीख, वजन, किती वेळा, झोप कशी झाली, एवढंच लिहिते. सुरुवातीला आकडे भराभर चढले आणि मला वाटलं, अंगात काही संचारलंय की काय. तसं नसतं. पहिल्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढतच नाहीत. जे आहेत त्यांना एकत्र कामाला लावायला मज्जातंतू शिकतात, आणि त्याचंच बळ वाटतं. स्नायू त्यामागून, त्यांच्या चालीने येतात.

बाबा, तुम्ही तालमीत हजारी बैठका मारलेले. स्क्वॉटचं ऐकून हसलात. फरक सांगते. तुमच्या बैठकीत टाचा उचलतात आणि मोजणी वाढत जाते. इथे टाचा जमिनीला रोवलेल्या आणि मोजणी पाचावर थांबते, वाढतं ते वजन. रॉड मानेच्या मणक्यावर टेकवायचा नाही, त्याच्या खाली खांद्यांमागे जे मांस असतं त्यावर घ्यायचा. पोटात श्वास भरून घ्यायचा, पोट घट्ट करायचं, मग खाली. उकिडवं बसायची आपली सवय इथे कामी येते. जन्मभर खुर्चीवरच बसलेल्या लोकांना तेवढं खाली जायलाच महिने लागतात म्हणे.

डेडलिफ्टमध्ये एक घरगुती अडचण निघाली. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटेचा व्यास 45 सेंटिमीटर, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. माझ्या पाच आणि दहा किलोच्या लोखंडी प्लेटा लहान. रॉड इतका खाली जातो की धरायला वाकताना पाठीची कमान होते, आणि तीच होऊ द्यायची नसते. सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले, त्यावर मॅटचे तुकडे चिकटवले आणि रॉड योग्य उंचीला आला. आई, तू दिलेले शिसवी पाट माळ्यावर सुखरूप आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही, पाय तर नाहीच.

‘एकटी असताना अंगावर पडला तर?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. बाकावर झोपून रॉड छातीवर अडकणं, हा घरी एकट्याने व्यायाम करण्यातला खरा धोका. त्यासाठीच तो स्टँड एवढा अवजड घेतला. दोन्ही बाजूंना आडवे लोखंडी दांडे आहेत, ते छातीच्या पातळीच्या किंचित खाली लावलेले असतात. हात थकले तर पाठ बाकाला सपाट टेकवायची, रॉड दांड्यांवर बसतो, मी खालून निसटते. रिकाम्या रॉडवर मी हे मुद्दाम करून पाहिलं, आणि तुमच्या नातवाला टाळ्या वाजवायला उभं केलं होतं.

आता आई, तुझं. तू हळू आवाजात म्हणालीस, ‘अगं, बाईच्या जातीने एवढं उचलू नये, अंग खाली येतं.’ ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. गर्भाशयाची पिशवी खाली सरकते हे खरंच घडतं, बाळंतपणांमुळे, वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठतेमुळे, जुन्या खोकल्यामुळे, आणि सतत जड उचलण्यानेही त्याला हातभार लागतो. म्हणून सुरू करण्याआधी मी डॉक्टर बाईंना दाखवून आले. त्यांनी तपासलं, ठीक आहे म्हणाल्या, आणि सांगितलं की खाली ओढल्यासारखं किंवा जड वाटलं तर त्या दिवशी थांबायचं आणि परत यायचं. ते मी पाळते.

पण एक विचारू? भरलेला सिलिंडर जवळपास 30 किलो भरतो. 14.2 किलो गॅस आणि त्याहून थोडं जास्तच लोखंड. तो तू किती वर्षं दारापासून ओट्यापर्यंत कमरेत वाकून ओढलास. दळणाचे डबे, पाण्याच्या कळशा, दिवाळीआधी एकटीने सरकवलेलं कपाट. तेव्हा अंग खाली येईल असं घरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही, आजीनेही नाही. मी निदान आधी कमी उचलते, कसं उचलायचं ते शिकते, आणि मग वाढवते.

आणि हो, हाताला घट्टे आलेत. ते लपवत नाही. दंड मात्र पहिलवानासारखे होणार नाहीत. बायकांच्या अंगात स्नायू फुगवणारं ते रसायनच फार थोडं असतं, आणि तसे दंड व्हावेत म्हणून लोक आयुष्य घालवतात. मीराबाई चानूला टीव्हीवर पाहिलंस ना, टोकियोत? 49 किलो वजनी गटातली बाई, तिने डोक्यावर 115 किलो नेले. अंगाने धाकट्या मावशीएवढी. बाबा, ती करते ते स्नॅच (रॉड एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) वेगळं, त्याला वेग लागतो, कोच लागतो. मला त्यातलं काही येत नाही आणि घरी शिकायचंही नाही. पण आपल्याकडच्या माणसाने रॉडला नावं ठेवावीत याची गंमत वाटते. तुमचं पहिलं पोस्टिंग कुरुंदवाडचं. त्या एवढ्याशा गावच्या तिघांनी 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची ब्राँझ आणली, ओंकार ओतारी, गणेश माळी आणि चंद्रकांत माळी. आणि 2022 ला सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला 248 किलोंवर रौप्य घेतलं, तेव्हा त्याच्या घरच्यांच्या पान-चहाच्या टपरीचा पेपरातला फोटो तुम्हीच मला पाठवला होतात. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक आणि घरच्या पोरीला स्लॅबची भीती!

खरं कारण अजून सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं, त्यानंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे अडीचच्याही खाली, म्हणजे हाडं विरळ झालेली. गोळ्या सुरू झाल्या, ते ठीकच. पण मी त्या महिन्यात तिथे होते तेव्हा पाहिलं, आई देवासमोरून उठताना आधी चौरंगाचा कोपरा धरते, मग भिंत, मग गुडघा. पूर्वी ती कुणाशी बोलत बोलत, हातात ताम्हन घेऊन सहज उठायची. हे कधी बदललं ते आपल्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. माझी पंचेचाळिशी आली. आईची हाडं मलाच मिळाली असणार. पंचाहत्तरीत मला जमिनीवरून हात न टेकता उठायचं आहे. रॉड त्यासाठी आहे.

त्यावरून वाचत गेले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका घेतल्या, सरासरी वय 65. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञ समोर उभे राहून डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर रॉड नेणं शिकवलं, शिवाय थोड्या उड्या. दुसऱ्या गटाला घरी करायचा हलका व्यायाम दिला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली होती, दुसऱ्या गटाची 1.2 टक्के घटली होती. पहिल्या गटात दुखापत म्हणावी अशी एकच, एकीची कंबर थोडी धरली. 2018 मध्ये हे छापून आलं. आणि ‘आता या वयात काय’ असं बाबा म्हणतील म्हणून हेही सांगते, 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांना वजनं लावून व्यायाम केला, आणि त्यांच्या पायांची ताकद अडीच पटीहून जास्त झाली.

म्हणून आई, उद्या रॉड उचल असं मी मुळीच म्हणत नाही. त्या बायकांसमोर शिकवणारं माणूस होतं. आणि विरळ मणक्यांनी पुढे वाकून वजन उचलणं तर टाळायचंच. तुझ्यासाठी खुर्ची. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, बसायला जाड उशी. पाय जमिनीला, हात छातीवर दुमडलेले. श्वास सोडत उठायचं, सावकाश बसायचं, धपकन नाही. पाच वेळा. मग दम खा. असं तीनदा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की उशी काढायची. तेही सोपं झालं की किलोभर बाजरीची पिशवी छातीशी धरायची. बाबा, तुम्हीही बसा शेजारी, फक्त बीपीची गोळी चालू आहे म्हणून श्वास रोखून जोर लावायचा नाही, आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. हजारी बैठकांचा हिशोब इथे काढायचा नाही.

खाण्याचं थोडक्यात. चहा-पोळीवर दोघांचं भागतं, ते पुरत नाही. दोन्ही वेळेला घट्ट वरण नाहीतर उसळ, दुपारी दही, आणि बाबांनी अंडं खायला सुरुवात केलीच आहे तर चोरून कशाला.

दिवाळीला मी चार दिवस आधी येते. मिरजेत एका फिजिओथेरपिस्ट बाईंची वेळ घेतेय, आईला त्या उठबस करून दाखवतील आणि पुढचं ठरवतील. त्याआधी बाबा, एक काम. ओसरीवरच्या लाकडी खुर्चीची बैठकीपर्यंतची उंची टेपने मोजून कळवा. 18 इंच असेल तर एक उशी पुरेल, 16 असेल तर दोन लागतील. आणि आईच्या डेक्साच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, दोन्ही पानांचा. मागच्या वेळी फक्त पाकिटाचा आला होता.

तुमची,
धाकटी