पौषातला पळस

गिरणाकाठ, ता. चाळीसगाव
8 फेब्रुवारी

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

आपण आठवड्यातून दोनदा फोनवर बोलतो, तरी पत्र लिहायला बसलोय. सोबत बावीस फोटो पाठवतोय आणि ते बोटाने भराभर सरकवत बघायचे नाहीत, म्हणून चाळीसगावला जाऊन प्रिंट काढून आणले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख घातली आहे. आधी पत्र वाच, मग तारखेच्या क्रमाने बघ.

बारावीला असताना गिरणेच्या पुलावर बसून तू म्हणाला होतास, "आपल्या खान्देशात वसंत नसतोच रे. थंडी गेली की थेट ऊन." मी तेव्हा लगेच मान डोलावली होती. मार्च अर्धा होत नाही तोच दुपारी रस्ते ओस पडतात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, मग वसंताने यायचं तरी कुठून? वीस वर्षं मी तसंच धरून चाललो. तू पुण्याला जाताना जो जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेलास, त्याने यंदा आपल्या दोघांनाही खोटं पाडलं.

डिसेंबरमध्ये माझं मन कशातच लागत नव्हतं, हे तुला माहीत आहे. ऐन वेचणीत पाऊस पडला, निम्मा कापूस भिजून पिवळा पडला, भाव मिळाला नाही. पऱ्हाट्या उपटून बांधाला रचल्या आणि त्या उघड्या काळ्या रानाकडे बघवेना. घरात बसलो तर आबा काहीबाही बोलणार, म्हणून मी कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळी शिवारात जाऊन उभा राहायचो. फोटो काढावा असं तिथे काही नव्हतं. एक दिवस बांधावरच्या पळसाची खालची फांदी डोळ्यांसमोर आली, तिचाच काढला. धुळकट, चामड्यासारखी झालेली पानं, तीन-तीनची. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच उभा होतो, म्हणून पुन्हा तीच फांदी. तिसऱ्या रविवारी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघितले आणि अंगावर काटा आला.

फोटो क्रमांक 1 आणि 3 हातात घे. पहिल्यात पानाच्या बगलेत काही नाही. तिसऱ्यात, पान गळून पडलं तिथे, मोहरीच्या दाण्याएवढे काळे फुगवटे आहेत. मी दोन्ही रविवारी त्या फांदीपासून वीतभर अंतरावर उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसले नव्हते! पौष चालू होता, माणसं शेकोटीजवळून उठत नव्हती, केळीवाले रात्री बागांच्या कडेला धूर करत होते, आणि पळस कामाला लागला होता.

मग मला चैन पडेना. तुझी 50 मिमीची लेन्स आहे ना, तिच्यामागे लावायला स्वस्तातल्या एक्स्टेंशन ट्यूब मागवल्या. त्याने अगदी जवळ जाता येतं, पण फोकसची पट्टी कागदाएवढी पातळ होते. वाऱ्याची झुळूक आली की गेला फोटो. म्हणून एक पऱ्हाटी जमिनीत रोवायचो, तिला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधायचो आणि त्यात फांदी अलगद धरायचो. वारा पडलेला असतो सूर्य उगवायच्या आधी आणि नंतर जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात जे होईल ते.

18 जानेवारीचा फोटो (क्रमांक 9) खिडकीपाशी नेऊन बघ. काळा दांडा, त्यावर हरभऱ्याएवढ्या कळ्या, आणि प्रत्येक कळीवर मखमल. लांबून ती काळी दिसते, पण कोवळं ऊन कडेने पडलं की तपकिरी, मधेच शेवाळी झाक मारते. नुकत्या जन्मलेल्या रेडकाच्या कानाला हात लावून बघ, तसा तो स्पर्श. थंडीत लेकराला गोधडीत गुंडाळावं तसं झाडाने आतलं सगळं गुंडाळून ठेवलंय. केशरी रंग कुठेच दिसत नाही, तरी तो आत आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आबा बांधावर येऊन उभे राहिले. "काय देखी ऱ्हायना रे?" मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर कळी मोठी करून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पयस फुलना का थंडी गयी समज." एवढं बोलून निघाले. पण कापसाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोटोवर वेळ नोंदली जाते, त्यामुळे ती ध्यानात आली. आपल्याला वाटतं, 21-22 डिसेंबरला सर्वांत लहान दिवस, म्हणजे सूर्य सर्वांत उशिरा तेव्हाच उगवत असणार. तसं नाही. आपल्याकडे तो सर्वांत लवकर मावळतो नोव्हेंबरच्या अखेरीस, पावणेसहाच्या सुमारास. आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे डिसेंबर लागला की संध्याकाळ लांबायला सुरुवात झालेली असते. कडाक्याची थंडी अजून यायची असते, आणि उजेड परत फिरलेला असतो. नोव्हेंबरच्या शेवटी ज्या वेळी अंधार पडायचा, त्या वेळी आता विहिरीच्या कठड्यावर चांगलं पिवळं ऊन असतं. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आई म्हणते. संध्याकाळ तर त्याच्याही दीड महिना आधीपासून वाढत असते.

आंब्याचं मात्र मला नवलच वाटलं. मळ्यातल्या गावठी आंब्याच्या शेंड्याचे फोटो 6, 10 आणि 13 आहेत. 6 मध्ये शेंडा बंद, टोकदार, हिरवा. 10 मध्ये तो फुगून खवले सुटलेत. 13 मध्ये लालसर दांड्यावर मोहर. आपण लहानपणापासून म्हणत आलो की थंडी सरली की मोहर येतो. खरं तर थंडीच मोहर आणते. गार रात्री मिळाल्या नाहीत तर आंबा नुसती पालवी फोडतो. रात्री गार पडल्या की तोच शेंडा फुलाकडे वळतो. ज्या थंडीला मी दीड महिना शिव्या घालत होतो, ती झाडाला आतून सांगत होती की आता फुलायचं आहे. हे कळल्यावर पहाटे चार वाजता अंगावर गार वारा आला तरी मला त्याचा राग येईनासा झाला. धुई पडली नाही आणि तुडतुडे आवरले, तर यंदा लोणच्यापुरत्या कैऱ्या नक्की मिळतील.

हरभऱ्याचा एक फोटो (क्रमांक 11) मुद्दाम घातलाय, वसंताशी त्याचा तसा संबंध नसला तरी. तुला वाटेल दव आहे. दव ऊन चढलं की उडून जातं. हे थेंब दुपारीही होते. ती आंब आहे, हरभऱ्याच्या पानांवर सुटणारं आंबट पाणी. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकावर एकेक थेंब उभा आहे बघ, टाचणीच्या माथ्यावर ठेवल्यासारखा. तुझी माय हरभऱ्यावर रात्री धडुतं पसरून सकाळी पिळायची, पोटदुखीवर द्यायची, आठवतं? आपण तोंड वाकडं करून प्यायलेली ती आंब अशी दिसते.

आता शिंजीर, तो फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. विहिरीजवळच्या शेवग्याला जानेवारीत फुलं आली आणि हा पाहुणा रोज यायला लागला. पावसाळ्यानंतर नराचा झळाळता निळा-जांभळा रंग उतरलेला असतो. तो मादीसारखाच मळकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. मी त्याला चार आठवडे टिपलं. पहिल्या फोटोत ती रेघ. दुसऱ्यात खांद्यावर एक निळा ठिपका, शाई सांडल्यासारखा. तिसऱ्यात डोकं अर्धं निळं, अर्धं मातकट, अगदी विस्कटलेला, गबाळा दिसतो बिचारा. चौथा परवाचा आहे: पाठ चमकते, पण पोटावर अजून पिवळी ठिगळं. आणखी दोन आठवड्यांत तो पुरता नवा होईल. पळस फुलायला आणि त्याचा पोशाख पुरा व्हायला एकच गाठ पडते. चारही फोटोंत तोच पक्षी आहे याची खात्री देता येत नाही, पण फांदी तीच, वेळ तीच आणि तोऱ्याने मान वळवायची लकबही तीच. मला तो ओळखीचा झालाय.

आवाजाचा फोटो निघत नाही, नाहीतर तांबट पक्ष्याचा पाठवला असता. ऐन थंडीत तो सहसा गप्प असतो. 27 जानेवारीला उंबरावरून त्याचं टुक टुक टुक सुरू झालं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. मी पाटाचं पाणी दारे धरून देत होतो. पाणी शेजारच्या सरीत गेलं तरी ऐकत उभा राहिलो.

मधल्या रविवारी मोटारसायकल काढून पाटणादेवीला गेलो. अख्खा डोंगर वाळक्या गवताचा, साग उघडे पडलेले, आणि त्यात काटेसावरीची लालभडक फुलं. एक पान नाही झाडावर, नुसती फुलं आणि खोडावर काटे. मैना, कोतवाल, बुलबुल, खारी, सगळ्यांची झुंबड होती. पांढऱ्या सालीचा कांडोळ उतारावर एकटा उभा होता. मी देवीच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला आणि तुझी फार आठवण आली.

परत येताना स्टेशनजवळ केकी मूस यांच्या घरासमोर थांबलो. नववीत आपल्याला तिथे नेलं होतं. 1989 साली ते गेले, पण तोवर वर्षानुवर्षं त्या घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर रचना मांडून फोटो काढले. तेव्हा तू विचारलं होतंस, "बाहेर न जाता कुणी फोटोग्राफर कसा होईल?" मलाही ते पटलं होतं. यंदा एकाच फांदीसमोर सात रविवार उभं राहिल्यावर मला त्यांचं टेबल थोडं कळलं. एका जागेला इतका वेळ दिला की ती जागाच पुढे येऊन काहीतरी दाखवते.

एक वाईट झालं, तेही सांगतो. 22 जानेवारीला शेजारच्या वाटेकऱ्याने बांधावरचं वाळलं गवत पेटवलं. माझी फांदी खालची, तिला झळ लागली. मी पोहोचलो तेव्हा खालच्या कळ्या करपून सुरकुतल्या होत्या. तिथेच मटकन बसलो. त्या माणसाचा दोष नाही, दरवर्षी सगळेच पेटवतात. पण मला रडू आलं हे तुला सांगायला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी होती. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि ही पंचमी माघात, ऐन शिशिरात. इतकी वर्षं मला ती चूक वाटायची. त्या सकाळी करपलेल्या फांदीच्या शेंड्याकडे पाहिलं, वरच्या चार कळ्या टणक होत्या, तेव्हा पंचमी माघात का धरली ते उमगलं. जुन्या लोकांनी फूल उमलायची वाट बघितली नसणार, कळी बघूनच दिवस ठरवला असणार. हा आपला माझा अंदाज.

1 फेब्रुवारीला त्यातली एक कळी उकलली, नखाएवढी केशरी चीर. आणि आज, म्हणजे रविवारी, पहिलं फूल. ते शेवटचे दोन फोटो. केशरी रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. आपण नेहमीसारखा प्रकाश घेतला की लाल रंग फुटतो आणि पाकळीचा नुसता सपाट डाग उरतो. म्हणून एक्स्पोजर जरा खाली ओढलं. मागचं रान काळोखं झालंय, पण पाकळीवरची रुपेरी लव दिसते. ती लव बघ.

होळीच्या आधीच्या शनिवारी रात्री निघ, रविवारी पहाटे मी स्टेशनवर येतो. तोवर पाटण्याचा पळस पेटलेला असेल. आई दादर ज्वारीची भाकरी आणि भरीत करणार आहे, वांगी राखून ठेवली आहेत. वहिनींना आणि पोरांनाही आण. पोरांना शिंजीर दाखवतो.

तुझा,
विलास

ता. क. येताना सेन्सर साफ करायचा ब्लोअर आण. फोटो 14 मध्ये आकाशात उजव्या कोपऱ्यात पक्ष्यासारखं दिसतं तो धुळीचा डाग आहे.