नेट चालू, साइट बंद. तक्रार कुठे लिहायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘सर, नेट तर चालू दिसतंय तुमचं,’ हे वाक्य कस्टमर केअरकडून ऐकलं नाही असा ब्रॉडबँड ग्राहक विरळाच. आमचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. ऐन प्रवेशाच्या हंगामात हे वाक्य आमच्या कानांना पाठ झालं. यूट्यूब चालतंय, व्हॉट्सॲप चालतंय, बँकेची साइट उघडतेय; फक्त ज्या सरकारी संकेतस्थळावर पोरांचे अर्ज भरायचे, तिथेच चक्र गरगर फिरत राहतं आणि शेवटी पान कोरं. समोर आईवडील कागदपत्रांची पिशवी घेऊन उभे. तेच पान मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच उघडतं. म्हणजे संकेतस्थळ ठीक, आमचा संगणक ठीक. अडतंय ते कंपनीच्या जोडणीवर.

पण हे फोनवर सांगायचं कुणाला? त्यांच्याकडे तक्रारीचे प्रकार दोनच, ‘नेट बंद’ आणि ‘नेट स्लो’. आपली तक्रार दोन्हींत बसत नाही. मग राउटर बंद करून चालू करा, स्पीड टेस्ट घ्या, स्पीड पूर्ण मिळतोय ना? संपलं. थोड्या वेळात मेसेज हजर : आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.

वास्तविक, एखादीच साइट न उघडण्यामागची नेहमीची कारणं मोजकी आहेत. पहिलं डीएनएस. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा कंपनीचा सर्व्हर चुकीचं किंवा जुनं उत्तर देत असेल, तर पान उघडत नाही. राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहिलं की याचा निकाल लागतो. आमच्याकडे त्याने काही फरक पडला नाही.

दुसरं कारण कस्टमर केअरवाले सहसा सांगत नाहीत. आम्हाला ते फायबर जोडायला येणाऱ्या पोराने सांगितलं. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४३० कोटी, आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून कंपन्या अनेक घरं-दुकानं एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण त्या सामायिक पत्त्यामागे आहोत असं समजावं. त्या पत्त्यावरून कुणी एकाने धडाधड विनंत्या पाठवल्या, किंवा प्रवेशाच्या दिवसांत सगळ्यांनी मिळूनच पाठवल्या, की समोरच्या साइटची सुरक्षा यंत्रणा तो पत्ताच अडवते. मग त्यामागचे सगळेच बाहेर. आमचंही हेच झालं होतं. त्यावर कंपनीने सुचवलेला तोडगा काय, तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्यापुरता न बदलणारा पत्ता घ्या, दरमहा वेगळे पैसे, वर जीएसटी. दुखणं त्यांचं आणि औषधाचं बिल आमच्या नावावर! सामायिक पत्ता बदलून देणं हे कंपनीचं काम आहे, त्याचे पैसे कसले?

तिसरं कारण म्हणजे सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने घातलेली बंदी. इथे तर सगळाच अंधार. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर घरोघरी वापरला जातो. त्याची अधिकृत साइट २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. ती बनवणाऱ्या संस्थेलाही कारण कळवलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा त्या नोव्हेंबरात बंदी उठली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे २००९ चे नियम अशा कारवाईबाबत गोपनीयता पाळायला सांगतात. गोपनीयता कुणापासून, हे मात्र समजत नाही; साइट उघडत नाही हे तर सगळ्यांनाच दिसतं. लपून राहतं ते एवढंच, की बिघाड आहे की आदेश. ग्राहक बिचारा राउटर रीस्टार्ट करत बसतो.

तेव्हा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ‘विशिष्ट साइट उघडत नाही’ हा तक्रारीचा स्वतंत्र प्रकार कंपन्यांना सक्तीचा करावा. त्यात हॉटस्पॉटवर तीच साइट उघडते का, हा प्रश्न आधी विचारावा आणि तक्रार बंद करताना कारण लिहून द्यावं : डीएनएस, सामायिक पत्ता, की सरकारी अथवा न्यायालयीन आदेश. ‘निराकरण झाले’ हे कारण नव्हे.

ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, हे बऱ्याच वाचकांना माहीत नसतं. २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्यायचा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. अपील ३९ दिवसांत निकाली काढणं बंधनकारक आहे. प्रवेशाची मुदत तोवर कधीच उलटलेली असते, ही गोष्ट वेगळी. तरी डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये आणि ब्रॉडबँडवर अडलेलं व हॉटस्पॉटवर उघडलेलं पान, दोन्हींचे वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. ‘नेट तर चालू आहे’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला ग्राहकाच्या हाती तेवढाच पुरावा असतो.

आपला,
एक ऑनलाइन सेवा केंद्रचालक,
वाई (जि. सातारा)