रंगावर अर्थ लागत नाही

कँटन, मिशिगन
२४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि महत्त्वाचं बोलायला लागलं की आई फोन काढून घेते. म्हणून कागदावर लिहितोय. फियाट भंगारवाल्याला देऊ नका. डिसेंबरात मी येईपर्यंत तरी थांबा. का ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

शेजारच्या म्हातारबांबद्दल मी बोललो होतो ना? फोर्डच्या कारखान्यातून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले, दर शनिवारी गॅरेज उघडून खुडबुडत बसणारे. गेली दोन वर्षं त्यांच्या हाताखाली मी पाने द्यायला होतो. लहानपणी कोल्हापूरला उद्यमनगरात तुमच्या हाताखाली होतो तसाच. फक्त इथे चुकीचा पाना दिला तर टप्पल बसत नाही.

गाडी १९६६ ची मस्टँग. मस्टँग हे फोर्डचं मॉडेल १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आलं आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर खपलं. आतून मात्र फोर्डच्याच साध्या फाल्कन गाडीचा सांगाडा. बॉनेट उघडलं की डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या कडेवर नंबर ठोकलेला दिसतो: ६एफ०७सी आणि पुढे सहा आकडे. ६ म्हणजे १९६६ साल. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आमच्यापासून अर्ध्या तासावरचा कारखाना. ०७ म्हणजे पक्क्या टपाची दोन दारी. सी म्हणजे २८९ घनइंचाचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, आपल्या हिशेबात ४.७ लिटर. म्हातारबा या नंबरावरून बोट फिरवतात तेव्हा तुम्ही जुन्या लेथवरून हात फिरवता ते आठवतं.

इथे अशा कामाला रेस्टोमॉड म्हणतात. वरून गाडी जुनी ठेवायची, आतून आजची करायची. सुरुवात गंजापासून. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते तळ खातं. शिवाय या मस्टँगची जुनी खोड म्हणजे काचेपुढच्या जाळीतून पाणी आत शिरतं, तिथला पत्रा सडतो आणि पावसात ड्रायव्हरच्या बुटावर थेंब पडतात. तळ कापून नवा लावला. तयार ठोकलेला पत्रा इथे पार्सलनं घरी येतो. भोकांत लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेणं म्हातारबांना तुमच्याइतकंच नावडतं.

इंजिनावरून मात्र आमचं वाजलं. मी तुमचाच मुलगा. म्हटलं सिलिंडर घासून बोअर करू, गरज पडली तर स्लीव्ह टाकू, रिंगा बदलू, हेड घासू, अजून तीस वर्षं चालेल. म्हातारबांनी ऐकून घेतलं आणि साखळीला लावून अख्खं इंजिन वर उचललं! त्या जागी फोर्डचंच नवं पाच लिटरचं कोयोटी. सिलिंडरांचं आकारमान जवळजवळ तेवढंच, पण जुन्याचे दोनशे हॉर्सपॉवर आणि याचे ४३५. त्यात ते जुने दोनशे फुगवलेले. त्या काळी इंजिन बेंचवर ठेवून, पंखा नाही, सायलेन्सर नाही, असं मोजायचे. १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले.

पण कोयोटीच्या डोक्यावर व्हॉल्व्ह उघडणारे चार कॅमशाफ्ट, त्यामुळे ते रुंद. जुन्या मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग चाक धरणाऱ्या वरच्या आर्मवर बसते आणि तिचं डोकं पत्र्याच्या उंच बुरुजात जातं. हे दोन बुरुज इंजिनाच्या दोन्ही अंगांना. ते कापल्याशिवाय नवं इंजिन बसत नाही, आणि कापले की पुढच्या चाकांचा भार घ्यायला खाली नवा आडवा बीम घालावा लागतो. ग्राइंडर माझ्या हातात होता. म्हातारबांनी नंबराच्या पट्टीवर खडूनं जाड रेघ मारली आणि म्हणाले, या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. तो नंबर गेला तर कायद्यानं ती गाडीच राहत नाही. दोन तास कापत होतो, घामानं चष्मा दिसेना.

ब्रेकचं ऐकून तुम्हाला हसू येईल. चारही चाकांना ड्रम, पॉवर नाही, आणि मास्टर सिलिंडर एकच. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. दोन वेगळ्या लाइनी १९६७ पासून आल्या. आता चारही डिस्क आहेत. त्या मूळच्या चौदा इंची चाकात मावत नाहीत, म्हणून सतरा इंची चाकं घातली. मला ती आवडत नाहीत. गाडी भावाचे बूट घालून आल्यासारखी दिसते.

आता माझी फजिती. जूनमध्ये सगळं जोडून झालं, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. पेट्रोलचा दाब ५५ पाउंड, बरोबर. प्लग नवे, सेन्सर नवे. लॅपटॉप लावला तर कंट्रोलरशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशी, बोलणंच होईना. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी तुमचा आवाज आला, "आधी अर्थ बघ रे, मग बाकीचं." खाली वाकलो. कंट्रोलरची अर्थची वायर मीच बसवली होती, ताज्या, चकचकीत, जाड रंगावर, म्हणजे वीज जायला वाटच नाही. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट कसला, किल्ली फिरवली. धाडकन सुरू! म्हातारबांनी विचारलं, कुठे शिकलास? म्हटलं, कोल्हापुरात. आता ते प्रत्येकाला ‘कोल्हापूर’ सांगतात, म्हणजे ‘कोलापोर’.

गेल्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर गेलो होतो. १९९५ पासून ऑगस्टात तिथे जुन्या गाड्यांची जत्राच भरते. लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात, थर्मास, नातवंडं, कुत्री, सगळं. सिग्नलला म्हातारबांनी मला चालवायला दिली. पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला आणि मान मागे गेली. सांगत नाही आईला.

जुनं २८९ इंजिन त्यांनी विकलं नाही. स्टँडवर आहे, वर गोधडी. महिन्यातून एकदा हातानं फिरवतात.

ते बघूनच फियाट डोक्यात आली. घाबरू नका, तिच्यात कोयोटी घालत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओला विचारल्याशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि १०८९ सीसी तिला पुरे आहेत. मला तिचे ब्रेक, वायरिंग आणि तळ करायचाय. इंजिन तुम्ही करायचं, तुमच्या पद्धतीनं, बोअर करून.

तोवर एवढं करा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा. दोन दिवसांनी पान्यानं क्रँक फिरतो का बघा, जोर करू नका. रबरी मॅट उचलून ड्रायव्हरच्या बाजूचा तळ स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आणि आरसी बुक शोधा, आईच्या कपाटात पत्रिकांच्या पिशवीत असणार.

तुमचा,
बंड्या

ता. क. शेड रिकामी करून आईला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचंय, हे ताईनं सांगितलं. मशीनला पोर्चमध्ये नळ काढून देतो म्हणावं, खर्च माझा.