द्राक्षवेल घडवणाऱ्या हातांचे आभार

नाशिकमधल्या एका ख्रिस्ती शाळेसाठी केलेला तांब्याचा द्राक्षवेल अखेर भिंतीवर चढला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. द्राक्षांच्या या जिल्ह्यातल्या मुलांना याहून जवळचं प्रतीक कुठलं असणार!

दिंडोरीचे बागायतदार दादा, पहिले आभार तुमचे. घड असो की बाळी (आधाराला गुंडाळणारा वेलीचा तंतू), ती पेरावर पानाच्या समोरच्याच बाजूला येते, हे तुम्ही काडी हातात धरून दाखवलंत. नव्या काड्या फुटाव्यात म्हणून एप्रिलची खरड छाटणी, फळासाठी ऑक्टोबरची फळछाटणी समजावलीत. फळ देणारा फाटा आणखी फळ यावं म्हणून छाटला जातो, हे त्याच अध्यायातलं म्हणणं मला तुमच्या बागेत खरं उमगलं. शिल्पात एक छाटलेली काडी आहे. मला तीच सगळ्यात प्रिय आहे.

तांबट काका, ठोकून कडक झालेला पत्रा लाल तापवून पुन्हा मऊ कसा करायचा, राळेवर पालथा ठेवून घडाचे मणी मागून कसे उठवायचे, हे तुम्ही शिकवलंत. मजुरीचं विचारलं तर चहा मागवलात.

सातपूरचे वेल्डर भाऊ, पावसात तांब्याला टेकलेलं लोखंड लवकर गंजतं म्हणून मध्ये रबर घालायला लावलंत, फार बरं केलंत. सुटीच्या दिवशी फाटक उघडून शिडी धरणारे शिपाई मामा, तुमचे उपकार मोठे.

आणि वेलीवर चिमणी हवीच म्हणणाऱ्या तिसरीच्या मुलींनो, ती डावीकडच्या फाट्यावर बसवली आहे.