पंचगंगेच्या पातळीशेजारी फुलांसाठीही एक ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपला अंक हातात पडला की कोल्हापूरकर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे आकडे इथं पोराटोरांना पाठ असतात. उन्हाळ्यात बघायचं ते कमाल-किमान तापमान. ते वाचून ‘आज लई तापणार’ म्हणायचं आणि पंखा वाढवायचा, यापलीकडं त्याचं काही होत नाही. त्या तापमानाच्या चौकटीत आणखी एक ओळ छापावी, अशी माझी विनंती आहे : आज गावात कुठं काय फुललं. ही कुणा हौशी बाईची लहर वाटू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यात बागेत काही नसतं, असा आपल्याकडं पक्का समज आहे. आपण बाग बघतो ती कामावर जाताना घाईत, नाहीतर भर दुपारी, आणि त्या वेळी वैशाखातली बाग मान टाकूनच बसलेली असते. राजारामपुरीत आमच्या घरापुढं थोडी जागा आहे, बाकी सगळा संसार गच्चीवरच्या कुंड्यांत. एका रविवारी उजाडल्यापासून रात्रीपर्यंत जाता-येता तिच्यावर नजर ठेवली.

उजाडता उजाडता दयाळ समोरच्या टाकीवर बसून गळा काढत होता. जास्वंदी उलगडायच्या आत शिंजीर हजर. पण हा पक्षी लबाड. फुलात समोरून तोंड घालायचं सोडून तो देठाकडून चोच खुपसतो आणि मध पिऊन मोकळा होतो. पराग जागच्या जागी राहतात, म्हणजे जेवण झालं आणि बिल बुडवलं.

आठच्या सुमाराला गुलाबावर एक काळपट माशी आली. पानाच्या कडेवर बसली, कड पायांत धरली आणि जबड्यानं गोल कापत गेली. कात्रीनं कापावी तशी चकती काही सेकंदांत सुटली. ती खाली पडायच्या आत पोटाखाली धरून माशी उडाली, ती थेट भिंतीत खुंटीसाठी पाडलेल्या रिकाम्या भोकात. ही पानं कापणारी एकटी राहणारी मधमाशी. पान ती खात नाही. भोकात चकत्यांची सुरळी करते, तीत पराग आणि मध भरते, वर एक अंडं घालते आणि गोल चकतीचंच झाकण लावते. मग शेजारी दुसरी खोली. शेजारच्या काकूंनी ती कुरतडलेली पानं बघून लगेच सांगितलं, “अगं, कीड लागलीया, औषध मार.” घरोघरी हेच होतं. पानाला अर्धगोल दिसला की नर्सरीतून बाटली येते आणि सकाळच्या थंड वेळेत, म्हणजे नेमक्या मधमाश्या कामावर असताना, फवारा सुरू होतो. फवारणी करायचीच असेल तर निदान दिवस मावळल्यावर करावी. या माशीसाठी तर मुळीच करू नये. चार पानं गेली म्हणून गुलाब मरत नाही.

दहा वाजता ‘ऑफिस टाइम’ची फुलं उघडली. आभाळ आलं तर ही रजेवर, ऊन पडलं तर वेळेत हजर, तीनच्या आत दप्तर बंद. स्वीडनच्या कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५१ साली फुलांच्या अशा उघडझापीवरून अख्खं घड्याळ मांडलं होतं. पण त्याच्या उप्साला गावचं घड्याळ कोल्हापुरात चालायचं नाही. आपलं आपणच लावायला हवं.

दुपारबद्दल एकच सांगते, कारण त्यात बऱ्याच जणांच्या कुंड्या जातात. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो मध्यान्हीला थोडा उत्तरेकडंच असतो, उगवतो-मावळतोही उत्तरेला सरकून. हिवाळाभर घराच्या उत्तरेला सावलीत सुखानं राहिलेले नेचे त्यामुळं मे महिन्यात करपतात, आणि आपण पाणी वाढवून मुळं कुजवतो. पाणी आहे तेवढंच द्यावं, कुंडी उचलून दुसरीकडं ठेवावी.

चारनंतर गुलबक्षी उघडायला लागली आणि बागेचा दुसरा दिवस सुरू झाला. मोगऱ्याचं खरं काम याच वेळेचं. सकाळी हिरवट असलेली कळी उन्हं कलल्यावर पांढरी आणि टपोरी होते. गजऱ्यासाठी ती याच टप्प्यावर खुडायची. अंधार पडला की उमलते, मग ओवताना पाकळ्या गळतात. सासूबाई कळ्या ओल्या फडक्यात ठेवतात आणि जांभळट झालेल्या बाजूला काढतात. अशा कळीला बघितलं तर बारीक भोक असतं, आत अळी. त्या कळ्या झाडाखाली टाकायच्या नाहीत, पार बाहेर द्यायच्या. एवढं रोज केलं की औषधाची गरज फारशी पडत नाही. आणि मोगऱ्याला उन्हाळ्यात फूल नाही म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, थंडी सरताना छाटणी केली होती का? फूल येतं ते नव्या फुटीवर. जुन्या काड्या तशाच वाढवून कळ्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

अंधारात गुलबक्षीवर एक मोठा पतंग येऊन गेला. हवेत जागच्या जागी तरंगत त्यानं लांब सोंड आत घातली. टॉर्च लावेपर्यंत गायब.

हे सगळं एका दिवसाचं. पण मला खटकतं ते वेगळंच. फुटबॉल लिलीचा गड्डा थंडीत पानं टाकून मेल्यासारखा पडून असतो. अनेकजण तेव्हाच ती कुंडी रिकामी करून टाकतात. एप्रिल-मेमध्ये त्यातून जाडजूड कोंभ येतो आणि बारीक लाल फुलांचा चेंडू उभा राहतो. (पेठापेठांत फुटबॉलवरून वाद घालणाऱ्या गावात हे फूल घरोघरी असायला हवं होतं.) यंदा आमच्याकडं तो मागल्या वर्षीपेक्षा लवकर आला असं मी म्हणते, घरचे म्हणतात उशिरा. तारीख कुणीच लिहिली नव्हती, त्यामुळं वाद मिटत नाही. बहाव्याचंही तसंच. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असं जो तो सांगतो. पण आपल्या गल्लीतला बहावा अमुक साली अमुक तारखेला फुलला आणि पाऊस अमुक दिवशी आला, असं कागदावर दाखवणारा कुणी भेटत नाही. पुराची पातळी फुटात आणि इंचात सांगणारं हे गाव. फुलांच्या बाबतीत मात्र ‘साधारण याच दिवसांत’वर भागवतं.

जपानमध्ये क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या तारखा पार इसवी सन ८१२ पासूनच्या मिळतात. दरबारी रोजनिशांत, इतिवृत्तांत कुणी ना कुणी सणासमारंभाच्या निमित्तानं लिहून ठेवलेल्या. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला बहर ऐन भरात आला, तेव्हा गेल्या बाराशे वर्षांतला हा सर्वांत लवकरचा, असं त्यांना छातीठोक सांगता आलं. हवा बदलली म्हणून आपणही रोज बोलतो. आपल्याकडं पुरावा काय, तर कपाळावरचा घाम.

आपलं वर्ष तर फुलापानांना बांधलेलंच आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला दवणा, पुढं वळीव पडला की चार-पाच दिवसांत कुंड्यांत लिलीची गुलाबी फुलं. नळाचं पाणी कितीही घाला, वळवानंतर येतात तशी ती येत नाहीत, हे बाग करणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा वाचकांनी फूल, तारीख आणि भाग एवढंच कळवावं, आपण ते छापावं. मोगऱ्याची पहिली कळी, फुटबॉल लिलीचा पहिला कोंभ, वळवाची लिली आणि बहाव्याचा पहिला घोस, एवढ्या चार गोष्टींपासून सुरुवात केली तरी पुष्कळ. भाग मात्र लिहायलाच हवा. रंकाळ्याकाठची हवा वेगळी आणि सिमेंटनं वेढलेल्या लक्ष्मीपुरीतली वेगळी.

पहिला बहावा शिवाजी पेठेत फुलला की मंगळवार पेठेत, यावरून भांडणं होणार हे धरूनच चालावं. दोन्ही तारखा छापाव्यात.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर